इयादत दवाखान्याच्या दारापाशी संपते का?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतला अत्यवस्थ रुग्ण बहुधा पनवेल, नवी मुंबई नाहीतर मुंबईला हलवावा लागतो. मागोमाग जीप भरून भाऊबंद, शेजारी निघतात. एका मुसलमानाचे दुसऱ्यावर जे हक्क हदीसमध्ये सांगितले आहेत, त्यांत आजाऱ्याची इयादत आहे. ही रीत आपण निष्ठेने पाळतो. पण अतिदक्षता विभागाच्या दारापाशी सगळा जथा थबकतो. आत एखाद्यालाच, तोही ठरल्या वेळी, सोडतात. मग ही इयादत रुग्णाला पोचते कशी?

वैद्यकशास्त्राने याच अंगाने काही शोधले आहे. 2000 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात फुप्फुसे निकामी होत चाललेल्या रुग्णांना व्हेंटिलेटरने दर श्वासाला नेहमीपेक्षा कमी हवा दिली. मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. रोज काही वेळ गुंगीचे औषध थांबवले तर रुग्ण यंत्रावरून लवकर सुटतो, हेही त्याच वर्षी दिसले. 2009च्या अभ्यासात ज्यांना लवकर बसवले, चालवले, त्यांच्यापैकी अधिक जण घरी जाताना आपली कामे आपण करू शकत होते. म्हणजे उपचार जितका जबर तितका चांगला, ही समजूत खरी नाही.

आणि नातेवाइकांची भेट? ब्राझीलमधल्या 36 अतिदक्षता विभागांत भेटीची वेळ वाढवून पाहिली गेली. 2019 साली निष्कर्ष आले. रुग्णांची भ्रमावस्था त्यामुळे घटल्याचे सिद्ध झाले नाही. जंतुसंसर्गही वाढला नाही. घरच्यांची चिंता आणि उदासी मात्र कमी झाली. भेटीने आजार बरा होतो असा दावा, तेव्हा, कुणी करू नये. भेट निरुपयोगी आहे, असेही म्हणता येणार नाही.

आमच्या मते खरा प्रश्न पुढेच आहे. अतिदक्षता विभागातून सुटलेल्या अनेकांच्या हातापायांत त्राण नसते. विसर पडतो, रात्री दचकून जाग येते. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. नेरळ, चौक, खोपोलीच्या घरांत तेव्हा जीप भरून कोणी येत नाही. ‘जीव वाचला, अल्लाहचा शुक्र’ म्हणून सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात. त्याला उठवणे, भरवणे, अंगणात चार पावले चालवणे एकट्या बायकोच्या नाहीतर आईच्या वाट्याला येते. तिची रोजंदारी बुडते, त्याचा हिशेब कुणी करीत नाही.

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने शेकडो विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास पुरवला. आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया त्यात आहे. अशा पाळ्या आपल्या मोहल्ल्यात का लागू नयेत? दवाखान्याकडे पाच गाड्या नेण्याऐवजी एक न्यावी. उरलेल्यांनी पुढच्या तीन महिन्यांतला एकेक दिवस वाटून घ्यावा. त्या दिवशी डबा पोचवावा, औषध आणून द्यावे, रुग्णाचा हात धरून त्याला गल्लीच्या टोकापर्यंत चालवावे. इयादतीचा हक्क तो घरी परतल्यावरही शिल्लक असतो.