दुखऱ्या बाजूचा श्वास

छातीतली गाठ काढलेल्या माणसाला घरचे सांगतात, ‘पडून राहा, हलू नकोस.’ फिजिओथेरपिस्ट येऊन म्हणते, ‘उठून बसा, खोल श्वास घ्या, खोका.’ माया घरच्यांच्या बाजूला, फुप्फुस मात्र तिच्या.

शस्त्रक्रियेत बरगड्यांमधून वाट काढताना तिथल्या नसा दुखावतात. मग प्रत्येक श्वासाला कळ येते आणि शरीर आपसूक उथळ श्वास घेऊ लागतं. ही त्याची स्वतःला जपण्याची रीत. नेमकी तीच अंगलट येते. तळचे वायुकोश मिटतात, कफ साचतो, न्यूमोनियाला आयतं घर मिळतं. म्हणून उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, स्पायरोमीटर या श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणातल्या तीन गोळ्या श्वासाने वर ओढायच्या. वेदनाशामक औषध ‘सवय लागेल’ म्हणून चुकवणारे बरेच भेटतात. पण दुखणं आटोक्यात नसेल तर खोकणार कसं?

प्राणायामात माणूस आपण होऊन श्वासाकडे वळतो. इथे श्वासच त्याची मानगूट धरून वळवतो. खाटेखालच्या बाटलीत तो चक्क दिसतोही. छातीतल्या नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं असतं, त्यामुळे हवा बाहेर पडते, पण परत आत शिरत नाही. आत घेतलेल्या श्वासाबरोबर नळीतलं पाणी चढतं, सोडला की उतरतं. बाटली छातीच्या पातळीखालीच हवी, हे नातेवाइकांना पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

अशी हवा आत शिरणं किती महागात पडतं, हे पहिल्या महायुद्धात दिसलं. अमेरिकी छावण्यांमध्ये छातीत पू झालेल्या सैनिकांची छाती घाईने उघडली जाई आणि बाहेरची हवा आत शिरून अनेक दगावत. ही घाई थांबवायला लावणाऱ्यांत शल्यविशारद एवार्ट्‌स ग्रॅहॅम होते. त्यांनीच 1933 साली सेंट लुईसला जेम्स गिलमोर या डॉक्टरांचं कर्करोग झालेलं अख्खं फुप्फुस एका बैठकीत काढलं. रिकामी पोकळी मिटावी म्हणून काही बरगड्याही काढल्या. गिलमोर पुन्हा आपल्या व्यवसायात रुजू झाले. ग्रॅहॅम 1957 मध्ये फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले, तेव्हा त्यांचा हा रुग्ण हयात होता.

वैद्यकाच्या इतिहासात त्या शस्त्रक्रियेचा दिवस ठळक आहे. मला कुतूहल वाटतं ते नंतरच्या महिन्यांचं: जिना चढताना लागणारी धाप, खांदा आखडू नये म्हणून भिंतीवर बोटं चालवत वर नेलेला हात, कूस बदलताना येणारी कळ. टाके सुकल्यावरही ही कळ कित्येकांना महिनोन्‌महिने छळते. स्कॅन स्वच्छ आला म्हणून ती खोटी ठरत नाही. तपासणीला गेल्यावर ती न लाजता सांगावी, तिच्यावरही औषधं आहेत.