वेळेवर येणारी माणसे

नरकचतुर्दशीला आपण पहाटे उठतो, असे आपण म्हणतो. खरे पाहता आपल्याला कोणी तरी उठवते. ते कोणी तरी आपल्याआधी उठून पाणी तापवते, उटणे कालवते, पाट मांडते. मग आपण डोळे चोळत येऊन बसतो. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला साठी उलटावी लागली, आणि तीही एका बाईच्या उशिरामुळे आली.

वक्तशीरपणाबद्दल माझा मोठा लौकिक होता. चौतीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीत हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे उशिराची लाल खूण एकदाही पडली नाही. जो वेळ पाळत नाही त्याच्यावर विसंबू नये, असे मी मुलांना बजावत असे.

भायखळ्याच्या आमच्या घरी सकाळी सातला भांडी घासायला एक बाई येत. त्यांचे बिऱ्हाड गल्लीच्या टोकाला, फूटपाथवर, ताडपत्रीच्या आडोशाला. बारा वर्षांत त्यांचे सात कधी सव्वासात झाले नाहीत. पुढे तिथल्या कुटुंबांचे पुनर्वसन झाले आणि बाईंना मानखुर्दला पक्की खोली मिळाली. आम्ही पेढे आणले. आणि त्याच महिन्यापासून बाईंना उशीर होऊ लागला. कधी आठ, कधी साडेआठ, एकदा तर दहा. मी कॅलेंडरवर खुणा करू लागलो. अकरावी खूण झाली त्या दिवशी म्हणालो, "बाई, उद्यापासून येऊ नका."

त्या भांडल्या नाहीत. पदराला हात पुसत एवढेच म्हणाल्या, "काका, फूटपाथ जवळ होता हो."

या बोलण्याचा अर्थ मला पुढे हळूहळू कळत गेला. मानखुर्दहून हार्बरची गाडी, कुर्ल्याला बदल, मग भायखळा. नळाला पाणी सहाला; ते भरल्यावाचून निघता येत नाही. फूटपाथवर धाकटी मुलगी शेजारणीच्या नजरेखाली असे. नव्या इमारतीत घराला दार होते, पण मुलीकडे पाहणारी शेजारीण अजून जोडायची होती.

१९८१ साली मुंबईतल्या फूटपाथवासीयांना हुसकून लावण्याचे ठरले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणसे फूटपाथवर राहतात ती कामाजवळ राहता यावे म्हणून, हेही न्यायालयाने मानले. पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार मात्र कायम राहिला. पावसाळा जाईपर्यंत, त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबा असे सांगितले गेले. तो निकाल मी वर्तमानपत्रात वाचून मान डोलावली होती. माझ्याच स्वयंपाकघरात तो प्रश्न उभा राहिला, तेव्हा मला त्याची ओळख पटली नाही.

मग मी माझ्या वक्तशीरपणाचा हिशेब मांडला. आई पाचला उठे. पत्नी डबा भरी. मुलांना सासरे शाळेत पोचवीत. कपाटात इस्त्रीचे कपडे असत. माझ्या खात्यावर जमा दिसणारी ही रक्कम कितीतरी जणांनी भरलेली होती! बाईंच्या खात्यात भरणारे कोण होते?

कोणी म्हणेल, मालकाने तरी किती सोसावे? हे खरे आहे. सुनेला नवाच्या आत बाहेर पडायचे असते. भांडी पडून राहिली तर तिची गाडी चुकते. उशीर कोणाच्या तरी अंगावर पडतोच. पण आमच्या घरी तो पाच जणांत वाटला जातो. बाईंच्या घरी तो एकटीवर पडतो. मुलीला ताप आला की खाडा, खाड्यापायी काम जाते, आणि काम गेले की खोलीची देखभाल-वर्गणी थकते. मग मिळालेले घरही डळमळू लागते.

भायखळ्याच्याच फूटपाथवरच्या बायकांनी १९८६ साली 'महिला मिलन' उभी केली. रोज थोडेथोडे साठवायचे आणि अडीनडीला त्यातूनच कर्ज काढायचे. संकट लहान असते तेव्हाच त्याला अडवावे, हे शहाणपण त्यांच्याजवळ होते. मला ते नव्हते.

तीन आठवड्यांनी पत्नीने निरोप धाडला. बाई परत आल्या. आता त्यांची वेळ नऊची आहे. सकाळची चहाची भांडी मी घासतो. रेल्वेचा पास आम्ही काढून देतो. सहा महिने खुणा करायच्या नाहीत असे ठरले होते. चौथ्या महिन्यापासून त्या पावणेनऊलाच येऊ लागल्या. पण माझे पाहून शेजारच्या घरानेही त्यांना काढले होते, ते काम गेले ते गेलेच. थकलेली वर्गणी अजून पुरती फिटलेली नाही. त्यातला माझा वाटा किती, हे मला ठाऊक आहे.

या चतुर्दशीला घरातल्या सगळ्यांना मी उठवणार, असे परवा जाहीर केले. पाणी मी तापवणार, पाटही मीच मांडणार. गजर लावून ठेवला आहे. तो ऐकू आला नाही तर मला उठव, असे पत्नीला हळूच सांगूनही ठेवले आहे.