आपल्यानंतर कोण?

‘शेअर मुद्दाम चढवला जातोय हे मलाही कळतं. पण पडायच्या आत मी विकून मोकळा होतो.’ डिमॅट खातं असलेल्या मित्रांकडून हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यात चुकीचं काय?

खोटी माहिती पसरवून भाव चढवणं, आपापसांत खरेदी-विक्री करून उलाढाल फुगवणं सेबीच्या 2003 च्या नियमांनी निषिद्ध आहे. 2022 च्या जुलैत साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीबद्दल यूट्यूबवर दिशाभूल करणारे व्हिडिओ आले. एक मोठा उद्योगसमूह ती विकत घेणार, असा दावा होता. लोक धावले. आधीच शेअर धरून बसलेल्यांनी विकले. मार्च 2023 मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढून अनेकांना बाजारबंदी केली.

आता अशा खेळात सगळं ओळखून मध्येच शिरणारा माणूस घ्या. त्याने व्हिडिओ बनवला नाही, कुणाला टिप दिली नाही. कायद्याचा हात सहसा त्याच्यापर्यंत जात नाही. पण कंपनीने तर काहीच जास्तीचं कमावलेलं नाही. मग त्याचा नफा आला कुठून? बातमी खरी मानून त्याच्यानंतर घेणाऱ्याच्या खिशातून. लोअर सर्किट लागलं की विकणाऱ्यांची रांग असते, घेणारा कुणी नसतो. त्या रांगेत अडकतो तो हाच.

‘त्याने अभ्यास करायला हवा होता’ हे खरं. अभ्यासातून दोघांची मतं वेगळी झाली, तर त्या सौद्यात गैर काही नाही. इथे मात्र मतभेद नाही. एक खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं दोघांपैकी एकालाच ठाऊक आहे. गप्प राहून पैसे घेणं म्हणजे त्या खोट्यात भागीदारीच.