रानहळद व काळजीची मर्यादा

वारंगा फाट्याच्या आसपास ज्यांची शेती आहे, त्यांस हळदीविषयी नवे ते काय सांगावे? उन्हाळ्याच्या अखेरीस बेणे लावावे, आठ-नऊ महिने पाणी, खत व खुरपणी करावी, मग खणून, उकडून वाळवावे, हा क्रम येथील मुलेही जाणतात. २०२४ साली वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले, ते ह्याच कष्टांचे फळ होय. शेतातील हळदीस बी धरत नाही. मनुष्याने गड्डा जपून पुन्हा लावावा, तेव्हाच तिचा वंश चालतो. म्हणून जितकी मेहनत अधिक तितकी काळजी अधिक, असे आपणांस सहज वाटते.

परंतु काळजी घेणे म्हणजे सदैव काही तरी करीत राहणे होय काय? ह्याचे उत्तर हळदीच्याच एका वनवासी बहिणीपासून घेऊ या.

सह्याद्रीच्या रानांत झाडांच्या सावलीस रानहळद उगवते. तिच्या एका जातीचे वर्णन जॉन ग्रॅहॅम ह्यांनी १८३९ साली मुंबईकडील वनस्पतींच्या यादीत केले. पावसाळ्यात रुंद पानांबरोबर तिचा तुरा वर येतो. त्याचा गुलाबी-जांभळा शेंडा पाहून लोक त्यासच फूल म्हणतात. खरी फुले मात्र लहान व पिवळी असून खालच्या हिरव्या पुटांत अर्धी झाकलेली असतात.

ही अंगणात लावावयाची असल्यास झाडाखालची जागा निवडावी. तेथे सकाळचे कोवळे ऊन यावे, दुपारचे येऊ नये. माती कुजलेल्या पानांची व भुसभुशीत असावी. पाणी साचू देऊ नये. पावसाच्या आरंभी डोळा असलेला गड्डा दोन-तीन बोटे खोल लावावा. येथवरचे काम सोपे आहे. कसोटी पुढेच लागते. पावसाळा सरल्यावर पाने पिवळी पडून वाळतात आणि वर काहीच दिसेनासे होते. तेव्हा दया येऊन जो रोज पाणी घालतो, त्याचा गड्डा कुजतो. जिवंत आहे की नाही हे पाहण्यास जो वारंवार उकरतो, तो तिचा विसावा मोडतो.

कोणी म्हणेल, "मग ही काळजी नव्हे, आळस होय." तसे नाही. आळशी मनुष्य गड्डा कोठे आहे हेच विसरतो. काळजी घेणारा तेथे दगडाची खूण ठेवतो, कुदळ पडू देत नाही, गुरांस तुडवू देत नाही, आणि वरचे झाड तोडीत नाही. कारण झाड गेले की सावली गेली. दोघांचेही हात थांबलेले असतात. परंतु एकाचे लक्ष जागे असते, दुसऱ्याचे नसते.

माणसांविषयीही असेच आहे. ज्याच्या घरी मृत्यू झाला त्यास आपण उपदेशाने भिजवून टाकतो. उशिरा बोलू लागणाऱ्या लेकरास शेजारच्या मुलाशी तोलून रोज उकरून पाहतो. त्यात प्रीती नसते असे नाही; परंतु तिचे माप आपल्या अधीरतेने ठरते, समोरच्याच्या गरजेने नव्हे. शोकग्रस्ताच्या दाराशी मुकाट्याने घागरभर पाणी ठेवून येणे, ही पुष्कळदा मोठी सेवा असते.

आणखी एक गोष्ट. सुंदर दिसले म्हणून रानातून गड्डा उपटून आणणे, ह्यास फुलावरील प्रेम म्हणता येत नाही. लावावयाचीच असेल तर ज्याच्या अंगणात ती वाढली आहे त्याच्याकडून किंवा रोपवाटिकेतून गड्डा मागून घ्यावा. रानातील रानहळदीची काळजी एवढीच की, तिचे झाड व तिची सावली तिच्यापाशी राहू द्यावी.

शेतातील हळद आपल्या हातांवर जगते. रानातील हळद आपल्या संयमावर जगते. कोणापाशी हात पुढे करावा आणि कोणापाशी तो आवरावा, हे ओळखणे हाच काळजीचा अर्थ होय.