खोडलेला सहा

कोलकात्याच्या डमडममध्ये नागेरबाजारजवळच्या एका छोट्या फिजिओथेरपी केंद्राचे आकडे मी बघते. गुडघेदुखीवर व्यायामाचा उपयोग होतो का, आणि साठीच्या आतल्यांना व साठीपुढच्यांना तो सारखाच होतो का, हे त्यांना हवं होतं. दुखणं 0 ते 10 मध्ये सांगायचं. एक मावशी बराच वेळ पेन धरून बसल्या, ‘ओई आर की’, म्हणजे ‘असंच काहीतरी’, म्हणाल्या, 6 भोवती गोल केला, खोडला, 7 भोवती केला. तो खोडलेला 6 माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

व्यायाम आणि वय या दोन घटकांचं प्रचरण-विश्लेषण (ANOVA), संख्याशास्त्रज्ञ फिशरची देणगी, इथं सहज चालवता आलं असतं. पण त्यासाठी मावशींचं 6 ते 7 हे अंतर दुसऱ्या कुणाच्या 2 ते 3 एवढंच आहे, असं मी गृहीत धरायला हवं. दुसऱ्याच्या वेदनेबद्दल एवढं गृहीत धरायचा मला काय अधिकार?

मग अंतरं न मानणाऱ्या क्रमांकांकडे वळले. क्रुस्कल-वॉलिसची (1952) कसोटी एकाच घटकापुरती. फ्रिडमनची (1937) कसोटी एकाच माणसाला सगळे उपचार दिले तर शोभते. कोनोव्हर आणि इमन यांनी 1981 मध्ये सुचवलं की सगळ्या आकड्यांना क्रमांक द्या आणि नेहमीचंच विश्लेषण करा. मोह होतो, पण त्यात दोन घटकांचा परस्परपरिणाम, म्हणजे वयानुसार बदलणारा व्यायामाचा परिणाम, वाकतो. नसलेला दिसू लागतो, असलेला पुसला जातो. त्यावर तोड म्हणजे आधी दोन्ही घटकांचे मुख्य परिणाम वजा करायचे, मग क्रमांक द्यायचे. पण वजाबाकी केली की अंतरं मानलीच! पुढच्या दाराने घालवलेलं गृहीतक मागच्या दाराने घरात.

मी शिरोळ तालुक्यातल्या जैन घरातली. चातुर्मासात प्रवचन ऐकून आलेली आजी आमची भांडणं सोडवताना म्हणायची, “तुझ्या बाजूनं खरं हाय, त्याच्या बाजूनं न्हाय.” इथं आल्यावर कळलं, जवळच बरानगरला भारतीय सांख्यिकी संस्था उभारणाऱ्या महालनोबिसांनी 1954 मध्ये जैनांच्या याच ‘एका बाजूनं खरं’ म्हणणाऱ्या स्याद्वादाचा संभाव्यतेशी संबंध जोडला होता. 1957 मध्ये संस्थेच्या ‘संख्या’ नियतकालिकात जीवशास्त्रज्ञ हाल्डेननीही त्यावर लिहिलं. सप्तभंगीतलं, म्हणजे स्याद्वादाच्या सात विधानांतलं, चौथं पद ‘अवक्तव्य’: ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही एकदम म्हणता येत नाही, म्हणून सांगता न येणारं. लहानपणी मला ती पळवाट वाटायची.

आता वाटत नाही. समजा, साठीच्या आतल्यांचं दुखणं 4 वरून 2 वर आलं आणि पुढच्यांचं 8 वरून 5 वर. वजाबाकीने बघा, वयस्करांना जास्त आराम. प्रमाणाने बघा, तरुणांना. त्यांचं निम्मं दुखणं गेलं. नुसता क्रम माहीत असेल तर जास्त आराम कुणाला, हे गणित सांगूच शकत नाही. एका गटाचं दुखणं उतरलं आणि दुसऱ्याचं चढलं, तर मात्र पट्टी कशीही ताणा, फरक राहतोच.

आमच्या आकड्यांत दोन्ही गटांचं उतरलं होतं. वयोगट वेगळे ठेवून प्रत्येकात व्यायाम करणारे आणि न करणारे यांची विल्कॉक्सनच्या क्रमांक-कसोटीने तुलना केली. अहवालात लिहिलं: व्यायामाने दोन्ही गटांना आराम, जास्त कुणाला, ते अवक्तव्य. “दीदी, हा शब्द ठेवायचाच?” केंद्रातल्या बाईंनी विचारलं. मी त्यांना मावशींचा कागद दाखवला.

पुढच्या महिन्याच्या कागदावर आम्ही आणखी एक प्रश्न घातला: मागच्या वेळेपेक्षा दुखणं कमी, तेवढंच, की जास्त? मावशींनी ‘कमी’वर गोल केला आणि पेन परत दिलं.