उंचावरून पडणारी धार

स्पेनच्या उत्तरेकडील आस्तुरियास प्रांताच्या किनाऱ्याला कोस्ता वेर्दे, म्हणजे हिरवा किनारा, असे नाव आहे. आणि कास्तीलचे कोरडे पठार मागे टाकून, डोंगरांतल्या बोगद्यांतून या मुलखात उतरणाऱ्या प्रवाशाला ते अतिशयोक्तीचे न वाटता उलट अपुरेच वाटते. एका बाजूस ढगांत बुडालेली कान्ताब्रियन पर्वतराजी, दुसऱ्या बाजूस बिस्केच्या उपसागराचे करडे पाणी, आणि दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत सदा ओली कुरणे, खांबांवर तोललेली लाकडी धान्यकोठारे व सफरचंदांच्या बागा. ही सफरचंदाची झाडे आपल्या हापूसइतकीच लहरी. एका वर्षी फांद्या मोडतील इतकी लगडतात, तर पुढच्या वर्षी बागाइतदाराला हात चोळीत बसवतात.

याच किनाऱ्यावरील तासोनेस नावाच्या कोळीवाड्यापाशी, फ्लँडर्सहून आपले राज्य पाहण्यास निघालेला सतरा वर्षांचा राजा चार्ल्स 1517 च्या सप्टेंबरात पहिल्याने स्पेनच्या भूमीवर उतरला. आणि तेथून जवळच, वाल्देदिओसच्या दरीत, 893 साली अभिमंत्रित झालेले एक ठेंगणे दगडी देऊळ आजही उभे आहे. पण या जुन्या दाखल्यांनी मला जितके थांबवले नाही, तितके बियाविसिओसा गावातल्या एका ‘चिग्रे’त, म्हणजे तेथील गुत्त्यात, हाती आलेल्या एका पेल्याने थांबवले.

‘सिद्रा’ म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेले, द्राक्षाच्या मद्याहून पुष्कळ सौम्य असे पेय. बाटलीत ते निपचित पडलेले असते. त्याला जागे करावे लागते. वाढणारा एका हाताने बाटली डोक्याच्या वर, हात ताठ होईपर्यंत उचलतो, दुसऱ्या हातातला पातळ काचेचा रुंद पेला मांडीपाशी तिरपा धरतो, आणि वरून सुतासारखी धार सोडतो. ती पेल्याच्या आतल्या कडेवर आपटून फुटते, फेसाळते, आणि जो गंध त्यातून सुटतो तो काही क्षणच टिकतो. म्हणून पेल्याच्या तळाशी थोडेसेच ओतायचे आणि घेणाऱ्याने ते एका दमात संपवायचे, असा शिरस्ता आहे. मात्र अगदी संपवायचे नाही. शेवटचा घोट राखून, जेथे आपले ओठ लागले त्याच कडेवरून तो जमिनीवर ओतून द्यायचा. कारण पेला एकच, आणि तो आता शेजारच्याकडे जाणार असतो.

माझी पाळी आली तेव्हा माझा हात क्षणभर अडखळला, हे कबूल केलेच पाहिजे. ज्या घरात आजी फुलपात्र ओठांना न लावता वरून पाणी पीत असे, आणि ‘उष्टे’ हा शब्द मुलाला अक्षर-ओळखीच्या आधी समजत असे, त्या घरातला तो हात होता. उष्टेपण हा मळ नव्हे. मळ पाण्याने जातो. मग उष्टेपण हा पदार्थाचा धर्म आहे की दोन माणसांमधल्या नात्याचा? आईने घास चावून मुलाला भरवला तर त्याला कोणी उष्टे म्हणत नाही, आणि शबरीची बोरे तर आम्ही भक्तीचा दाखला म्हणून मिरवतो.

आमच्या परंपरेने या प्रश्नाचा निकाल एकाच बाजूने दिला आहे, असेही नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात उच्छिष्टाचे एक संपूर्ण सूक्त आहे, आणि त्यात नाम, रूप, लोक हे सर्व त्या उरलेल्या अंशावरच आधारलेले सांगितले आहे. सोमयागात ऋत्विज परस्परांची अनुज्ञा मागून एकाच पात्रातून सोम घेत, आणि सोमाने उष्टे होत नाही असा याज्ञिकांचा निर्वाळा होता. वारकऱ्यांच्या काल्यात तर एकमेकांच्या मुखी घास घालणे हाच प्रसाद. ख्रिस्ती धर्मातही एकाच प्याल्याचे माहात्म्य थोर. तरी कॉन्स्टान्सच्या धर्मसभेने 1415 साली हुकूम काढून सामान्य भाविकांना त्या प्याल्याचा मज्जाव केला, आणि त्यांच्या वाट्यास केवळ भाकर उरली. पुढे कित्येक शतके वेदीवरचा प्याला एकट्या पाद्र्याचा होता, आणि देवळातून बाहेर पडलेला आस्तुरियन शेतकरी गुत्त्यात शेजाऱ्याच्या ओठांचा पेला निःशंकपणे उचलीत होता, असे चित्र माझ्या मनासमोर उभे राहते. त्यात धर्म कोणत्या बाजूस होता, याचे उत्तर मला तितकेसे सोपे वाटत नाही.

उंचावरून पडणाऱ्या त्या धारेने मला आणखी एक धार आठवली, आणि ती सुखाची नव्हे. आमच्याच अंगणात, उन्हात लाकडे फोडून दमलेल्या माणसाने ओंजळ पुढे करायची आणि ओट्यावरून कोणी तांब्यातले पाणी हातभर अंतर राखून सोडायचे, हे मी लहानपणी पाहिले आहे. तेथेही हात उंच होता, तेथेही नेम अचूक होता. फरक इतकाच की ती उंची दोन माणसांना दूर ठेवण्यासाठी राखलेली होती, आणि ही उंची त्यांना एका पेल्यापाशी आणण्याच्या आधीची तयारी होती. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यात उतरून बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा मोडली ती हीच उंची. आजीची शुचिता आणि अंगणातले ते अंतर ही दोन्ही एकाच कुळातली, हे मानायला मला फार वर्षे लागली. ती मायाळू होती, आणि तांब्या उंच धरणारा हात पुष्कळदा तिचाच असे.

2020 च्या महामारीनंतर पुष्कळ चिग्रेंतून सामाईक पेला गेला आणि ज्याचा त्याचा पेला आला. आणि 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोने या सिद्रा-संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशात दाखल केले. मी बसलो होतो तेथे समोरच्या मेजावर चार म्हातारे आणि चार पेले होते. धार पडे, एकेक जण पिऊन घेई, आणि मग प्रत्येक जण, पेला पुन्हा आपल्याच हाती राहणार हे ठाऊक असूनही, ओठ लागलेल्या कडेवरून शेवटचा घोट जमिनीवर ओतून देई.