बातमीतील निर्दोषत्व

अभिजात कथासाहित्यातील एखादा प्रसंग वृत्तपत्रीय बातमीच्या रूपात पुन्हा सांगणे हा वरकरणी विडंबनाचा, फार तर शैलीच्या अभ्यासाचा प्रकार वाटतो. परंतु या रूपांतरात शैलीबरोबर जबाबदारीची व्याप्तीही बदलते. त्यामुळे हा प्रश्न नैतिकही ठरतो.

टॉलस्टॉयच्या ॲना कॅरेनिनाचा मृत्यू मराठी दैनिकाच्या भाषेत 'रेल्वेखाली सापडून विवाहितेचा मृत्यू' एवढ्या मथळ्यात मावेल. येथे 'विवाहिता' हा रूढ शब्द लक्षात घ्यावा. ज्या नात्यातून ती स्त्री बाहेर पडली होती, त्याच नात्यात तो तिला मृत्यूनंतर परत नेऊन बसवतो. बातमीदाराचा तसा हेतू नसतो. न्यायनिवाडा त्याच्या हाती आलेल्या शब्दातच होऊन गेलेला असतो.

जेम्स जॉइसने ही प्रक्रिया कथेच्या आतच योजली आहे. 1914 साली प्रसिद्ध झालेल्या 'डब्लिनर्स'मधील 'अ पेनफुल केस' या कथेत मिसेस सिनिको सिडनी परेड स्थानकावर गाडीची धडक बसून मरण पावते. तिच्याशी असलेली मैत्री चार वर्षांपूर्वी तोडून टाकणारा डफी हे वृत्त सायंदैनिकात वाचतो. चौकशीत इंजिनचालक निर्दोष ठरतो, साक्षींत मद्यपानाचा उल्लेख येतो आणि अखेरीस कोणावरही ठपका ठेवला जात नाही. बातमीतले एकही विधान खोटे नाही. तथापि त्या निर्दोषांच्या यादीत नसलेला आणि साक्षीला कोणी न बोलावलेला एकच माणूस ती वाचत बसलेला आहे. कथेचे शीर्षक आणि बातमीचे उपशीर्षकही जॉइसने एकच ठेवले आहे. एकाच नावाखाली दोन भिन्न प्रश्न उभे राहतात. दोष कोणाचा, हा बातमीचा प्रश्न. या मृत्यूत वाटा कोणाचा, हा कथेचा.

एवढ्यावरून बातमी उथळ आणि कथा सखोल असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. 1872 साली यासेन्की स्थानकावर एका स्त्रीने रेल्वेखाली जीव दिला होता. टॉलस्टॉयने तिचे शव पाहिले होते. परंतु मृत्यूपूर्वीच्या क्षणांचे मन त्याने दिले ते ॲना या कल्पित स्त्रीला. खऱ्या मृत व्यक्तीच्या मनात शिरण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि बातमीचा कोरडेपणा ही मर्यादा पाळतो. 'अकस्मात मृत्यूची नोंद' या शब्दांत सहानुभूती नसेल, पण अतिक्रमणही नाही. हीच मर्यादा ओलांडून खऱ्या आत्महत्येची 'कहाणी' रंगवणारी पत्रकारिता कादंबरीची सर्वज्ञता तर घेते, पण त्यासाठी कादंबरीकाराने मोजलेली कल्पिताची किंमत देत नाही.

म्हणून हा रूपांतराचा खेळ विडंबन म्हणून न करता गांभीर्याने करावा. बातमी शक्य तितकी अचूक आणि न्याय्य लिहावी. ती तशी साधल्यावरही जे उरते, ते बातमीदाराचे अपयश नव्हे. ते वाचकाच्या वाट्याला आलेले काम आहे. 'कोणाचाच दोष नाही' हे वाक्य चौकशी संपवते. आपला त्यात काही वाटा होता का, हे पाहणे तेथून पुढे सुरू होते.